रकाना चौथा

फॉर्मवर रकाने सहा होते.
नाव, जन्मतारीख, इयत्ता,
आणि चौथा : जनरल रजिस्टर नंबर.
नऊ खेळणाऱ्या, तीन राखीव.
आठ नावं लिहून झाल्यावर सोनवलकर सर
पेनाचं टोपण चावत
खिडकीतून खाली बघत राहिले.

खाली शाल्मली करंदीकर
एकटीच खांबाला वळसे मारत होती.

ती शाळेत जात नव्हती. कुठल्याच.
आई घरीच शिकवायची,
भूगोल म्हणे गच्चीवर, अपूर्णांक म्हणे थालीपिठावर.
आम्ही खूप हसलो होतो.
हसून झाल्यावर जरा गप्प झालो होतो.
जूनपासून रोज साडेचारला ती विक्रोळीच्या आमच्या गेटवर यायची,
शिपाई तांडेल काकांना एक केळं द्यायची
आणि आमच्यात पळायची.
पळायची म्हणजे,
तुम्ही खार धरायला गेलायत का कधी?
हात पोचतो तिथे ती नुकतीच होती.

नववी मी होते. नजमीन मुकादम, सातवी ब,
रजिस्टर नंबर ४१७३.
तो काही मला फुकट मिळाला नव्हता.
सातवी ब म्हणजे कडी नसलेले संडास,
एकीने दार धरायचं तेव्हा दुसरीने जायचं.
पाढा चुकला की पट्टीची उभी बाजू.
सात वर्षं हे मी हप्त्यासारखं भरलं,
आणि ही फक्त साडेचारची?
दूध आम्ही तापवायचं, साय हिने काढायची?

हे मी तिला तोंडावर म्हटलं.
ती तळव्यातला काटा काढत होती.
मान वर न करता म्हणाली,
"घरी मी एकटीच असते गं.
खो कुणाला देऊ?"

सरांनी नववं नाव तिचं लिहिलं.
चौथ्या रकान्यात पेन्सिलने एक रेघ मारली, नुसती रेघ.
माझं नाव राखीवमध्ये गेलं.
पुढचं सरांना अजून माहीत नाही :
कुणी विचारलंच तर म्हणून
आम्ही तिला प्रार्थना शिकवली,
बाईंची नावं, गळका नळ कितवा ते.
प्रार्थना मीच शिकवली. का, ते विचारू नका.
रेश्माने पीटीचा जुना ड्रेस दिला,
खांद्यात तिला घट्ट झाला.

वडाळ्याच्या मैदानावर टेबलाशी बसलेल्या बाई
वाईट नव्हत्या.
ती रेघ बघून त्यांनी चष्मा वर केला.
"कितवीत गं तू?"
प्रार्थना पाठ, नळ पाठ,
आणि ही म्हणाली, "कितवीतच नाही."
खोटं बोलणं घरी शिकवलं नसावं.
आम्हाला ते दुसरीतच येतं :
अभ्यास केला का? हो बाई.

बाईंचंही चूक नव्हतं.
उद्या कुणी क्लबातल्या तयार मुली आणून उभ्या केल्या
तर ४१७३ने कुठे जायचं?
मला ते पटलं.
पटलं म्हणून बरं वाटलं.
बरं वाटलं म्हणून
डब्यातला लाडू मी तसाच परत नेला.

मी खेळले. तिच्या जागी म्हणा, माझ्या म्हणा.
बावीस सेकंदांत बाद.
मग आमची पाठलागाची पाळी आली.
खो-खोत एकाआड एक, उलटसुलट तोंडं करून बसतात.
मागून कोण येतंय ते दिसत नाही.
पाठीवर हात पडला की उठायचं,
नंबर विचारायला वेळच नसतो.
पण माझं तोंड नेमकं दोरीकडे होतं,
आणि दोरीपलीकडे ती,
रेश्माच्या ड्रेसात,
मी सांभाळायच्या त्या बाटल्या सांभाळत.

दोन गुणांनी हरलो.
बसमध्ये ती माझ्याशेजारीच येऊन बसली.
"खांब तू उशिरा सोडतेस," म्हणाली, "डावीकडून येताना."
मी बराच वेळ काही बोलले नाही.
घाटकोपर गेल्यावर म्हटलं, "उद्या दाखव."

उद्या रविवार होता.
शाळा बंद, गेटला कुलूप.
आधी ती भिंतीवर चढली, मग तिने मला हात दिला.