पाण्यावरची साय

सावद्यात दुपारी वीज गेली
की टाकीतला पंप थांबतो,
दिवेलागणीपर्यंत पाण्यावर साय धरते.
पातळ, कळकट,
ट्यूबच्या उजेडात मोरपिशी.

आधी मी शेवभाजीच्या तर्रीला दोष दिला.
चूल तीन पावलांवर;
फोडणीची वाफ कुठे कुठे बसते
माझ्या चष्म्याला विचारा.
टाकीवर काच ठेवली.
साय धरतच राहिली.

यांच्या कपाटात शाळेच्या कोऱ्या पुरवण्या उरल्यात.
एक पाण्यावर अलगद निजवायची,
तीन म्हणेपर्यंत थांबायचं,
कोपऱ्याला धरून उचलायची.
कागद जड होऊन येतो.
खालून गप्पी वर बघतात.

परवा पंपाचं तोंड वर केलं.
पाणी रात्रभर खळखळलं.
"नळ चालू राहिला का?" यांनी विचारलं.
चारदा विचारलं.

काल दाराशी मेथी निवडत होते.
सातला यांनी दाणे टाकले.
पावणेआठला टाकले.
दहाला पुन्हा डबी हातात,
"आज टाकलंच नाही वं यांना,
उपाशी असतील बिचारे."
मासे काय, कधी नको म्हणतात?

गोळ्यांची जुनी डबी होती, सात वारांची.
तिच्यात दाणे भरले, चिमूट मोजून.

आज गुरुवारचा कप्पा सकाळीच रिकामा.
दहाला आले, झाकण उघडून बघत राहिले.
तीस वर्षं गणित शिकवलेले फिरके सर.
"कोणी टाकलं?"
"तुम्हीच."

मी पुरवणी काढली,
एक टोक त्यांच्या हातात दिलं.
सावकाश, म्हटलं.
बुडू द्यायची नाही.