पाटकरी जहाजावर

पोरीने तिकिटं काढली तेव्हा मी म्हटलं,
कालवा बघायला एवढ्या लांब कशाला?
चाळीस वर्षं मी दुसरं काय बघितलं?
ती म्हणाली, बाबा, हा दोन समुद्रांमधला आहे.

गेलो.
बारा मजल्यांचं जहाज, वरच्या मजल्यावर पोहायचा हौद.
पाण्यावर पाणी वाहून नेणारे लोक
मी पहिल्यांदाच बघितले.
निंबाबाईने बॅगेत बिबडे घेतले होते,
ते तिने तैवानच्या एका म्हातारीला खाऊ घातले.
दोघींना एकमेकींचं काही कळत नव्हतं,
पण बिबडा मोडल्याचा आवाज कळत होता.

पहाटे पाच वाजता दरवाजा आला.
पिंपळाएवढा उंच, दोन पाखांचा.
जहाज आत. मागचा दरवाजा बंद.
मग खालून पाणी भरायला लागलं, बिनबोभाट,
आणि अख्खं गावच्या गाव
हळूहळू वर उचललं गेलं.
मी विचारलं, पंप कुठे आहे?
पोरीने विचारून सांगितलं, पंप नाही.
वरचं पाणी खाली सोडतात, बस्स.

म्हणजे फळीच उचलतात.
म्हणजे आमचाच धंदा.
माझ्या अंगावर काटा आला
आणि मी उगाच कमरेला कुदळ चाचपली.

दोन्ही काठांवर रुळांवरून इंजिनं चालत होती,
जहाजाला दोराने सरळ धरून.
त्यांना तिथे खेचरं म्हणतात.
मी वाकून वाकून बघितलं,
खेचर काही दिसलं नाही.

दरवाजा उघडला तसे सगळे प्रवासी
टाळ्या वाजवायला लागले.
निंबाबाईही. तिने माझ्याकडे बघितलं नाही,
पण जरा जास्तच वेळ वाजवल्या.
कान नदीच्या बंधाऱ्यावर
रात्री दोन वाजता, गुडघाभर चिखलात,
मी किती वेळा फळी उचलली असेल.

परत आल्यावर कासाऱ्याच्या पारावर बसवलं मला.
चहा आला. हिलालने विचारलं,
पानी चढस का कधी, भो?
मी सांगितलं, पाणी नाही चढत,
पाणी खालीच जातं, जहाज चढतं.
हे त्यांना पटायला दोन कप लागले.

मग धुडकू बोलला, शेवटच्या वाफ्याचा धुडकू,
ज्याच्यापर्यंत पाणी पोचेस्तोवर
उजाडायचं, आणि तो बांधावर
विड्या संपवून बसलेला असायचा.
एका जहाजाले कितलं पानी लागस?
मी आकडा सांगितला. कोटींमधला.
आणि ते बठ्ठं दर्यामा?
हो, म्हटलं. तळ्यातलं गोडं पाणी. सगळं समुद्रात.

कोणी काही बोललं नाही.
चारीत आता बाभळी उगवल्यात,
फडाच्या जागी ज्याच्या त्याच्या बोअर,
पण सगळ्यांनी एकदा
तिकडे मान वळवून बघितलं.

धुडकूने पुन्हा विचारलं,
आणि पाऊस कमी पडला तर? मग पाळी कशी लावतात?
मागच्यांचं काय?

तिथे एका वर्षी पाणी आटलं होतं.
जहाजं समुद्रात उभी राहिली, रांगेने,
कित्येक दिवस.
तेव्हा काही नंबर लिलावात विकले गेले.
ज्याने जास्त बोली लावली, तो पुढे गेला.
हे मला जहाजावरच्या एका खलाशाने सांगितलं,
रत्नागिरीकडचा होता, मराठी ऐकून जवळ आला होता.
मी त्या रात्री झोपलो नाही.
टॉर्च घेऊन डेकवर तीन फेऱ्या मारल्या,
कुठे गळतंय का बघत,
जुनी सवय.

धुडकू वाट बघत होता.
मी कप खाली ठेवला.
म्हटलं, लावतात पाळी.
आपल्यासारखीच.