चाळीसच्या वर

चाळीसच्या खाली गाडी मुकी.
चाळीस ओलांडली की कुठून तरी, बहुतेक पाठीमागून,
हूंऽऽ असं सुरू होतं,
तोंड मिटून कुणी नुसता होकार देत राहावा तसं.
पन्नासला ते छातीत उतरतं,
साठला स्टिअरिंगवरच्या अंगठ्यात.

पवन्या म्हणे, टायर.
सुलभा म्हणे, गाडी ठीक आहे, कान दाखवा.
थावरा राठोड, भजनी मंडळाचा पेटीवाला,
मानोऱ्याहून दिग्रसला येताना शेजारी बसला,
पेटी मांडीवर. त्याने भाता हलवला,
दोन-तीन पट्ट्या चाचपल्या, मान डोलावली :
"काळी दोन. जराशी उतरेल हाय, पण काळी दोनच."

दुखण्याला नाव मिळालं. औषध नाही.

मुनव्वर मिस्त्रीने बॉनेट उघडलंच नाही.
धर्मकाट्यामागच्या त्याच्या शेडसमोर
आधी सगळी बिछायत उतरवायला लावली.
दोनशे खुर्च्या, सतरंज्या, भाताचे तीन गंज,
नवरदेवाचा सोफा, ज्याचा एक हत्ती सोंडेत मोडलाय.
"पह्यले तिले एकटीले बोलू दे," म्हणाला.

मग तोच बसला चालवायला.
भरधाव नेली आणि मधेच न्यूट्रल.
इंजिन खाली बसलं, हूं तसंच.
"इंजन नाही."
डांबर संपून सिमेंटचा रोड लागला,
चाकांचा सगळा आवाज बदलला, हूं तसंच.
"टायर नाही."
पवन्या खिडकीबाहेर पाहू लागला.

रस्ता मोकळा होता, दूर फक्त एक म्हशींचा कळप.
त्याने गाडी डावीकडे झुकवली : हूं चढलं.
उजवीकडे झुकवली : चूप.
पुन्हा डावीकडे.
"आयकलं? डावीकडे वळली का ओझं उजव्यावर येते.
ज्याच्यावर ओझं, थोच कण्हते."

मागचं उजवं चाक जॅकवर अधांतरी.
एका हाताने त्याने ते फिरवलं,
दुसरा हात पाट्यावर, डोळे मिटलेले.
मग माझं मनगट धरून माझाही तळवा तिथे टेकवला.
लोखंडात कुणीतरी ज्वारी दळत होतं,
लांब, पलीकडच्या गल्लीत.

बेरिंग निघाली. रॉकेलने धुतली.
आतल्या कड्यावर तिळाएवढा एक खड्डा.
एवढ्याशा जागेत तेवढा मोठा आवाज राहत होता,
भाडं न देता, दीड वर्षं.
साडेअकराशे सामानाचे, मजुरी वेगळी.
जुनी बेरिंग पवन्याने मागून घेतली, कशाला कोण जाणे.

परतताना गाडी इतकी शांत
की खुर्च्या एकमेकींवर घासतात तेही ऐकू आलं,
डिकीतला पाना, दाराची सैल काच,
पवन्याच्या खिशातली सुपारीची पुडी.
आणि वळणावर तो एकदम ओरडला : "भाऊ, हळू!"

आता खरं सांगतो.
स्पीडचा काटा चार वर्षांपासून शून्यावर झोपलाय.
हे वर मी चाळीस, पन्नास, साठ म्हणालो ना,
ते सगळे आकडे त्या आवाजाचेच.
एकदा पवन्याची मोटरसायकल बाजूने पळवली होती,
तो ओरडून आकडा सांगायचा, मी सूर ध्यानात ठेवायचो.
काळी दोन लागली की पाय आपोआप उचलायचा.
त्या खड्ड्यानेच मला आजवर सांभाळून नेलं होतं,
आणि मी त्याला पैसे देऊन काढायला लावलं.

काटा दुरुस्त कर म्हणते सुलभा. करू.

काल आर्णीच्या कार्यक्रमाला निघालो,
थावरा पुन्हा शेजारी, पेटी मांडीवर.
विचारलं, "काही ऐकू येते?"
त्याने डोकं खिडकीबाहेर काढलं, टोपी हाताने दाबून धरली,
एक अख्खं गाव मागे पडेस्तोवर बोलला नाही.
मग आत आला, भाता उघडला, एक पट्टी दाबली.
"डावीकडून हाय. लय बारीक. पांढरी एक."

मी पाय उचलला.