भट्टीकडची बाजू

उद्यमबागेत आमच्या शेडमध्ये
कास्टिंग हातात आलं की आधी उलटं करायचं,
ही माझी बावीस वर्षांची खोड.
वरची बाजू सगळ्यांचीच बरी असते.
मग टॉर्च, मग बोट, मग पिवळा खडू:
ब्लोहोल. वाळू चिकटलीय. रिजेक्ट.

परवा ऋतुजानं मोबाइल पुढं केला.
बाबा, चंद्राची पलीकडची बाजू. उपग्रहानं टिपलेली.
मी चष्मा पुसला.
ससा नाही. ते काळे सपाट डागच नाहीत फारसे.
नुसते खड्डे, खड्ड्यात खड्डे,
खड्ड्याच्या काठावर बसलेले बारके खड्डे.
हात आपोआप खिशातल्या खडूकडं गेला.
एवढा मोठा माल, म्हटलं,
आणि डिस्पॅचला कुणी उलटून बघितलाच नाही?

ती हसली नाही. नववीत आहे, समजावून सांगते.
आपल्याकडच्या बाजूची साल पातळ,
आतला रस तिथनं वर आला,
पसरला, खड्डे बुजवून गार झाला,
त्यालाच आपण ससा म्हणतो.
पलीकडची साल जाड. तिथं रस पोचलाच नाही फार.
जे जे येऊन आदळलं, त्याची खूण तशीच राहिली.

मला भरमाण्णा होनगेकर आठवला.

एकतीस वर्षं लॅडलवर, उजवा गाल भट्टीकडं.
ब्याण्णव साली रस उडाला तो त्याच गालावर.
तेव्हापासून तिथं दाढी नाही,
कातडी भाजलेल्या काजूच्या सालीगत ताणलेली, चकचकीत.
माझं टेबल त्याच्या उजव्या हाताला.
मी तोच गाल बघत आलो.
डावा पहिल्यांदा नीट दिसला तो येळ्ळूरला,
त्याच्या लेकीच्या लग्नात, पंगतीत शेजारी बसलो तेव्हा:
देवीचे वण, कानापासनं हनुवटीपर्यंत,
एकाला लागून एक.
जिलेबी हातातच राहिली माझ्या.
त्यानं बघितलं. वाढप्याला म्हणाला, ह्यास्नी मठ्ठा घाल रे.

चहाच्या सुट्टीत तोच फोटो मी फोनवर काढून बसलेलो.
काय बघूलालास रे?
त्यानं फोन लांब धरला, मग जवळ, मग आडवा.
ह्या खड्ड्यांना नावं आहेत, मी म्हटलं, मेलेल्या शास्त्रज्ञांची.
कन्नडात का मराठीत?
दोघांनीही गेटकडं बघितलं.
तिथल्या पाटीवर नव्या रंगाखालनं
जुनी अक्षरं उन्हात अजून फुगतात.

रिजेक्ट करावा का, मी विचारलं.
कशाला, तो म्हणाला. फिरतोय नव्हं?
आणि कपातला गाळ भिंतीकडेला ओतून उठला.

अमावास्येला भट्टी बंद असते. पूजा, ऊद, नारळ.
संध्याकाळी पोरं गेली, दिवे गेले,
आम्ही दोघंच वाळूच्या ढिगावर बसलो.
वर काहीच नव्हतं.
ऋतुजा म्हणते, अशा रात्री तिकडं लख्ख ऊन असतं,
एकूण एक खड्डा दिसेल असं,
बघायला इथलं कुणी नसतं एवढंच.
आज तो माझ्या दुसऱ्या अंगाला बसला होता.
मुद्दाम की काय, कळलं नाही.
अंधारात त्याच्या विडीचं टोक ओढलं की लाल व्हायचं
आणि तेवढ्यापुरता डावा गाल उजळायचा,
परत जायचा.

नारळाची अर्धी वाटी त्यानं माझ्या हातात दिली.
खोबरं पांढरंशुभ्र.
मी खोडीनं उलटी केली.
तिन्ही डोळे माझ्याच वाट्याला आले होते.