तीन सिलिंडरवर

कुडचड्यात, रेल्वे फाटकाच्या अलीकडे
काय्तान मेस्ताचं गॅरेज.
भिंतीवर सांत आंतोन, खाली खाणवाल्यांचं कॅलेंडर,
त्याच्याही खाली, ग्रीसच्या बोटांनी कडा काळ्या झालेला
एक फोटो:
फियाट अकराशे, दारावर सत्तेचाळीस,
पुढच्या काचेवर चिकटपट्टीची फुली,
आणि बॉनेटला टेकून सिगारेट पेटवणारा
एक चष्मेवाला.

"हा ओरेस्ते," मेस्त सांगायचा.
"बोलोन्यात औषधांचं दुकान.
शनिवारपर्यंत खोकल्याच्या बाटल्या,
रविवारी मोंझा."
मी तेव्हा बारा-तेराचा पाना शोधणारा पोर,
वयही तेवढंच.
मोंझा म्हणजे सावर्ड्यापलीकडचा
कुठलातरी तिठा असेल, असं धरून चाललो होतो.

मेस्त बोटीवर होता. जेनोव्हात अपेंडिक्स फुटलं,
बोट काही थांबली नाही.
मग सहा वर्षं तिकडेच, गाड्यांच्या पोटाखाली.
"आपल्या टॅक्स्याच रे त्या," म्हणायचा.
"मागची सीट काढायची नाही, असा नियम.
त्याच सीटवर ओरेस्तेची बायको
सोमवारी बटाटे ठेवायची.
शर्यतीला वेगळी गाडी ठेवतात ते श्रीमंत.
हे आपले न्हावी, खाटीक, शाळामास्तर,
घरची गाडी घेऊन मरायला यायचे
आणि नाही मेले तर
तिच्यातनंच घरी जायचे."

प्रीमियर पद्मिनी आली की टपावर थाप मारायचा:
"तीच ही. लग्नानंतर नाव बदललंय."
स्क्रू-ड्रायव्हरची लाकडी मूठ माझ्या कानाशी,
टोक इंजिनावर.
"ऐक. एक, तीन, चार, दोन.
पाढे विसरलास तरी चालेल, हा विसरू नको."

"मेस्ता, जिंकलं कोण?"
"ओरेस्ते."
दर वेळी तेच. मान वर न करता.

एका डिसेंबरात दूधसागरला निघालेली गोरी जोडी
फॅनबेल्ट तुटून आमच्या दारात.
म्हाताऱ्याने फोटो उचलला, मागे वळवला,
पाठीवरचं निळ्या शाईतलं मोठ्याने वाचलं,
मग मोडक्या इंग्रजीत मला समजावलं:
काएतानोला. अकरावे आलो आपण.
पण तीनवर.

मी मेस्ताकडे पाहिलं.
मेस्त बेल्टकडे.
पैसे घेतले, जीप गेली, धूळ बसली,
तरी गप्प.
मग हात पुसता पुसता, जणू फडक्यालाच:
"नवव्या फेरीत तिसरा मेला.
मी कठड्यावर, पाटी उभी धरलेली, आत ये, आत ये.
त्याने पाहिली. हात केला. गेला पुढे.
एक, चार, दोन.
एक, चार, दोन.
समोरनं गेला की पोटात खड्डा पडायचा,
तिसऱ्याच्या जागी.
सतरा फेऱ्या तसाच."
"आणि जिंकलं कोण?"
मेस्ताने बराच विचार केला.
खरंच केला.
"आठवत नाही रे."

परवाच्या शिगम्यात, रात्री दोनला,
छातीवर हात दाबून तो मागच्या सीटवर आडवा
आणि मी मडगावच्या हॉस्पिसियोकडे,
त्याच्याच जुन्या पद्मिनीतनं.
अॅम्ब्युलन्स येते म्हणाले होते, आली नव्हती.
चांदरच्या फाटकावर गाडी अडखळली.
एक. चार, दोन.
घाम फुटला. पाय आपोआप ब्रेककडे.

मागनं, बटाट्यांच्या जागेवरनं,
आवाज आला, अगदी कामाच्या वेळचा:
"तिसरा गेला.
थांबू नको."