घरचं पाणी

ऑगस्टमध्ये फीच्या कागदांसोबत पत्र यायचं:
उशी आणा, दोन चादरी आणा,
आणि घरच्या नळाचं पाणी, बरणीभर.
खाली सही, लिओना स्टिडम, कॉलेजची चॅप्लेन.
आई म्हणाली, या बाईला
आपलं पाणी जोखायचंय की काय.

केंटकीतल्या आमच्या दरीत नळ उघडला
की आधी हवा खोकायची,
मग यायचं गंजाच्या रंगाचं, नासक्या अंड्याच्या वासाचं.
डोंगराचं डोकं उडवून कोळसा नेला कंपनीने,
उरलंसुरलं ओढा घरपोच आणून द्यायचा.
वडलांचा लग्नातला सदरासुद्धा
धुऊन धुऊन नारिंगी झालेला.

मी बरणी रिकामीच नेली.
वसतिगृहाच्या बेसिनवर भरली, झाकण घट्ट लावलं,
चिकटपट्टीवर गावाचं नाव घातलं: सॉल्टर्स फोर्क.

प्रार्थनाघराच्या दक्षिणेच्या खिडकीत रांग लागली.
अर्लीनच्या विहिरीचं, तळाला बारीक रेती.
डेलबर्टकडे नळच नव्हता,
त्याने ट्रकमधल्या पिंपातलं आणलेलं.
लिओनाने प्रार्थना म्हटली नाही.
एकेक बरणी उचलायची, विचारायची,
हे कोण पितं?
कोलंबसची होडान म्हणाली,
बाबा. वजूही ह्याच पाण्याने करतात.

माझी बरणी तिने उजेडाकडे धरली.
झाकण काढून हुंगली.
तोंडचं पाणी पळालं माझ्या.
'स्वच्छ आहे,' एवढंच म्हणाली
आणि जागेवर ठेवली,
गावाचं नाव बाहेर करून.
कॉलेजच्या क्लोरीनचा वास
तिला एव्हाना पाठ असणारच.

काल तिचा निरोप होता.
होडान आली. ती शिशाचे पाइप उकरून काढायला लावते,
मशिदीच्या तळघरात गल्ल्यांचे नकाशे पसरून.
अर्लीन पाद्री झाली. चर्चच्या छपरावर
सौर पट्ट्या बसवल्या, त्यावरून मंडळी भांडली, निम्मी गेली.
उरलेल्या अकराजणांना
वीजबिल येत नाही, म्हणाली, आणि स्वतःच हसली.
डेलबर्ट उजाड डोंगरांवर चेस्टनट लावतो,
दहातली सात मरतात.
देव सुटला म्हणे त्याचा, कधीच.
मग लावतोस कशाला, विचारलं,
तर बुटाचा चिखल काढत बसला.

आणि मी काउंटीच्या पाणी खात्यात.
दर महिन्याला अहवालावर सही करतो: मर्यादेत.
पाणी कुठे मुरतंय ते मला माहीत असतं.
सही सुवाच्य असते.

या वेळी मात्र खरी बरणी नेली होती,
मोज्यात गुंडाळून, आईच्या स्वयंपाकघरातली.
सगळे केक खायला गेल्यावर दिली.
लिओनाचे हात आता थरथरतात,
पाणी बरणीत डुचमळत राहिलं.
'हे कोण पितं?'
आई, म्हटलं. उकळून.
उकळून काय जातं आणि काय नाही
हे आम्हा दोघांनाही ठाऊक,
म्हणून थोडा वेळ कुणीच बोललं नाही.

मला वाटलं, ती खिडकीत ठेवेल,
जुनीच्या शेजारी.
माफ केलं म्हणेल, किंवा निदान
डोक्यावर हात.
तिने झाकण पुन्हा घट्ट केलं,
बरणी माझ्याच हातात दिली.
'माझी खिडकी आता दुसऱ्या कुणाची,' म्हणाली.
'सोमवारी तुझ्या टेबलावर ठेव.
लोक येतात ना, त्यांना दिसेल अशी.'
आणि केक संपायच्या आत गेली.

परतीला बरणी शेजारच्या सीटवर,
पट्टा लावून, पोरासारखी.
सरळ रस्त्यावर गाळ खाली बसतो,
वर दोन बोटं नितळ पाणी दिसतं,
फसावं इतकं नितळ.
मग वळण येतं.
आमच्याकडे वळणंच फार.

आज शनिवार.