चौतिसाने भागल्यावर

आर्वेदने लग्नाच्या वर्षी कुंपणालगत
एकोणीस भूर्ज लावले, एका ओळीत.
वीस का नाहीत, विचारलं मी.
तो म्हणाला, हेल्वे, मोठे होऊ देत, मग हिवाळ्यात बघ.

पुढे एका हिवाळ्यात पानं गेली, बर्फ गुडघाभर,
आणि मागच्या खिडकीतून दिसला तो आकडा:
पांढऱ्यावर पांढरे, काळ्या चट्ट्यांचे
एकोणीस एक, खांद्याला खांदा लावून.
ही मूळ संख्या आहे, तो म्हणाला,
एक आणि ती स्वतः सोडून
कुणाचाच हिला भाग जात नाही.
व्होरूच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या माणसाची
प्रेमाची भाषा ती एवढीच.
मी डेअरीत हिशेब लिहायची. मला कळली.

मार्चात तो गेला. ऑगस्टात वादळ आलं,
टोकाचे दोन भूर्ज आडवे झाले,
त्यातला एक लेम्बितच्या खुराड्यावर.

सतरा उरले.
सतरा एकांचं काय होतं, मला ठाऊक नव्हतं.
त्याच्या वहीच्या समासात, पेन्सिलीनं:
"सतरा फुटतात. कशाने, ते शोधायचंय.
ज्या मूळ संख्येचा भाग जाईल
तिला चौतिसाने भागलं तर बाकी एक."
पुढचं पान कोरं.

मग मी बसले. डेअरीच्या जुन्या खातेवह्यांत,
मागल्या बाजूनं, चार हिवाळे.
एकशे तीन. एकशे सदतीस. दोनशे एकोणचाळीस.
बटाटे चुलीवर ठेवायचे, भागाकार मांडायचा.
मुलगी टार्टूहून फोन करायची:
आई, कॉम्प्युटर क्षणात सांगेल.
सांगेल की.
घाई कॉम्प्युटरला. मला कुठे होती?

चौथ्या फेब्रुवारीत, दिवे गेलेले,
मेणबत्तीपाशी,
वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस,
आणि खाली शून्य.
ताळा केला. पुन्हा शून्य.
वर जोडीदार बसलेला:
पाच अब्ज छत्तीस कोटी बत्तीस लाख
बावीस हजार तीनशे सत्तावन्न.
एक बुटका, दुसरा ताडमाड,
तोंडावळा काडीचा जुळत नाही.
दोघांना चौतिसाने भागून पाहिलं.
बाकी एक.
याच्याकडेही, त्याच्याकडेही.

तोवर बटाटे करपले होते.

वसंतात लेम्बित कुऱ्हाड घेऊन आला.
उरलेलेही थकलेत, म्हणाला, पाडू का?
मी हिशेब सांगितला:
सतरावरून खाली उतरलं, तर दोनच उरेपर्यंत
ही ओळ पुन्हा अतूट होत नाही.
वर मात्र तेवीस आहेत. सहा रोपं लागतील.
त्यानं कुऱ्हाड कुंपणाला टेकवली,
डोकं खाजवलं, आठवड्यानं आला
तो चारच घेऊन. दोन पुढच्या वर्षी.

सध्या एकवीस आहेत.
एकविसांना तिनाचासुद्धा भाग जातो,
त्याला खातेवही लागत नाही.
असू दे.
कोवळे चार अजून वाऱ्यात तिरपे होतात,
पहिलीतल्या पोरानं काढलेल्या एकांसारखे.